सरका जरा, मुक्काम हाय

"सरका जरा. मुक्काम हाय."

एवढं म्हणून ती कोपरानं माझा खिळे तोलायचा काटा बाजूला सारायची. ना नमस्कार, ना रामराम. मग खांद्यावरचा निळा डबा काउंटरवर ठेवून त्यातून एकामागून एक तीन मातीचे राजे काढायची आणि माझ्या तोंडासमोर मांडायची. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, गुडीहत्नूरला, हायवेच्या कडेला. चुना, रंग, खिळे, कड्या-कोयंडे. बाहुल्यांचं दुकान नाही. हे मी तिला दर चार जानेवारीला सांगितलं, आणि दर चार जानेवारीला तिनं ते ऐकलं नाही.

तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेलच, जे लांबून दिसलं की आपल्याला मागच्या खोलीत काहीतरी शोधायचं आठवतं. आमच्याकडे ती होती. सरकारी उपकेंद्रातली नर्स. रिटायर होऊन जमाना लोटला तरी गाव तिला सिस्टरच म्हणे. मागे ना पुढे कोणी. पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला पोलिओच्या लसीचा जुना डबा. नोकरी सुटली, पण डबा काही खांद्यावरून उतरला नाही.

राजे आमच्याच कुंभारानं घडवलेले. त्या बिचाऱ्यानं जन्मात राजा पाहिला नव्हता. त्यामुळे एक राजा हुबेहूब आमच्या जुन्या पटवाऱ्यासारखा झाला, दुसरा आखाड्यातल्या पैलवानासारखा, आणि तिसरा भट्टीत जास्त भाजून काळाकुट्ट निघाला. सिस्टर म्हणाली, "बरोबर हाय. एक काळाच होता." काळ्याचा मुकुट सोनेरी करायला ती दर वर्षी माझ्याकडून रंगाची सगळ्यात लहान डबी न्यायची. तेवढ्या एका डबीसाठी अर्धा तास माझं डोकं खायची.

भानगड अशी होती. नाताळानंतर बारा दिवसांनी, सहा जानेवारीला, ख्रिस्ती लोकांचा आणखी एक सण येतो. तारा पाहून निघालेले पूर्वेकडचे तीन राजे बाळ येशूपाशी पोचले, तो दिवस. प्रकटीकरणाचा सण म्हणतात त्याला.

"म्हणजे प्रगटदिन," मी म्हणालो. "तो तं शेगावच्या महाराजांचा असते."

"असू द्या ना. उजेड काय एकाच घरी पडते?"

तर पंचवीस डिसेंबरला ही बाई राजांना घेऊन निघायची. रोज एक घर, एक मुक्काम. सहा तारखेला ते चर्चच्या गव्हाणीत, बाळासमोर पोचले पाहिजेत. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही. आणि घरं कोणाची? तिच्या चर्चच्या मंडळीतलं एकही नाही. भाजीवाला, जिनिंगचा वॉचमन, चपला शिवणारा, आणि मी.

"काऊन पण?" मी एकदा चिडून विचारलं. "तुमचा देव, तुमचे राजे. आमच्या घरात काऊन घुसवता?"

"ते बी परकेच होते, शेठ. परक्या मुलखाचे, परक्या देवाचे. पह्यले तेच पोचले. घरचे झोपून होते."

"अन् माझंच दुकान काऊन?"

"बाकीचे या म्हन्तात. तुमी हाकलता. बाळाच्या मायले धर्मशाळेत जागा नाही म्हनणारा एक होता ना, तसा बी एक पायजे वाटंत."

आता सांगा, अशा बाईला काय म्हणायचं? मी मनातल्या मनात दीडशहाणी म्हणत असे, आणि ती गेल्यावर मोठ्यानं. नाताळ होऊन जातो, केक खाऊन लोक हात धुतात, आणि मग हिचे राजे रखडत येतात. वरातीमागून घोडं! हे मी तिला तोंडावरही सुनावलं होतं.

"नाताळ सगळ्याले आवडते," ती म्हणाली. "त्यात केक हाय. या सणात चालणं हाय, म्हून कोणाले नको."

राजांच्या हातातल्या सामानावरूनही मी तिला छेडलं होतं. सोनं ठीक आहे, म्हटलं, पण तान्ह्या लेकराला ऊद कोण नेतं? "तुमी बाळ-बाळंतिणीले धुरी देत नाही काय?" ती फाडकन म्हणाली. आणि तिसऱ्याच्या हातातलं? ते गंधरस, मढ्याला लावायचं. मी कपाळावर हात मारला. बारशाला मढ्याचं सामान! यावर ती हसली नाही. एवढंच म्हणाली, "मी दोन्ही कामं केली, शेठ. एकाच हातानं."

तिच्या मंडळीचा अध्यक्ष म्हणजे रस्त्याची कामं घेणारा एक गुत्तेदार. चर्चला फरशी यानं बसवली, लोखंडी फाटक यानं लावलं, आणि दोन्हींवर स्वतःचं नाव कोरून घेतलं. त्याची इच्छा की राजांचा शेवटचा मुक्काम त्याच्या बंगल्यावर व्हावा, फोटो निघावेत, जेवणावळ व्हावी. सिस्टरनं तोंडावर नाही म्हटलं. गुत्तेदाराला अपमान कुठला पचतो? पुढच्या नाताळाला त्यानं हैदराबादहून फायबरचा अख्खा देखावा आणला. माय, बाप, बाळ, मेंढ्या आणि तीन राजे, सगळे एकाच पाटावर पक्के चिकटवलेले. वर दिव्याची माळ.

सिस्टर तडक माझ्या दुकानात आली. 

"चिटकवून टाकले! पंचवीस तारखेलेच बाळापाशी चिटकवून टाकले! पोचलेच होते तं निघाले कवा?"

मी पोट धरून हसलो. त्या गुत्तेदाराची अक्कल आणि या बाईचा संताप, दोन्ही माझ्या लेखी सारखेच फुकटचे होते. दोन जानेवारीला गुत्तेदारानं देखावा खोक्यात भरून घरी नेला, धूळ बसते म्हणून. गव्हाणच राहिली नाही. मग सिस्टरनं कुंभाराकडून मुठीएवढं बाळ करून घेतलं आणि आपल्या खोलीत सुपात गवत घालून निजवलं. तिचे राजे आता तिथं पोचू लागले. पाहायला कोणी नसे.

त्याच वर्षी मी तिला विचारलं, बंगल्यावर नेलं असतं तर काय बिघडलं असतं? चार लोकांनी पाहिलं तरी असतं.

काळ्या राजाचा मुकुट पुसत ती म्हणाली, "तारा वर दिसून राह्यला होता, तरी ते राजवाड्यात विचारायले गेले. तिथंच चुकले. तिथल्या राजाले नव्या राजाची धास्ती बसली अन् त्यानं गावातले लहान लेकरं मारून टाकले."

"हे पुस्तकातलं झालं."

"मी बी एकदा थांबली," ती म्हणाली. "भीमपूरकडं एका तांड्यावर बाई अडली होती. निरोप आला, मी निघाली. वाटेत मोठ्या घरच्या मालकिणीनं आवाज देला, जरा बीपी पाहून जा. मोठं घर. मी बसली. चहा बी घेतला. पोचली तवा बाई होती, लेकरू नव्हतं." मग डबा खांद्याला लावत म्हणाली, "अर्धा तास फक्त, शेठ. म्हून वेळेवर पोचवते यायले."

मी रंगाची डबी कागदात गुंडाळून दिली. एवढं ऐकल्यावर माणूस सुधारतो असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही माझ्यासारखा माणूस जवळून पाहिलेला नाही. महिनाभरात मी तिची नक्कल पुन्हा करायला लागलो होतो.

गेल्या वर्षी चार जानेवारीला ती नेहमीसारखी आली. काटा सारला, राजे मांडले. "उद्या नेते," म्हणाली. दुसऱ्या दिवशी आली नाही. संक्रांत तोंडावर आली की इकडं प्रत्येक घर रंगवायला निघतं, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. राजे मधे मधे येत होते. मी त्यांना उचलून कोपऱ्यात टर्पेंटाइनच्या डब्यांमागे ढकललं.

सहा तारखेला सकाळी तिची शेजारीण आली, शिवणकाम करणारी. सिस्टर मोरीत घसरून पडली होती, खुबा मोडला होता, आदिलाबादच्या दवाखान्यात होती.

"बाळ संगंच नेलं त्यायनं," शेजारीण म्हणाली. "म्हने, शेठले सांग, राजांना घिऊन आजच्या आज या. बाळ इथं हाय. मी गेली असती भाऊ, पण घरी सासू खाटेवर हाय. अन् त्यायनं तुमालेच बोलावलं."

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. आणि मला चारचौघांत जीभ सैल सोडायची सवय.

"वा! भर सीझनात दुकान बंद करून मी मातीच्या बाहुल्या घेऊन आदिलाबादला जाऊ? मी काय त्यांच्या राजांचा उंट हाय?"

सगळे हसले. मीही हसलो. शेजारीण हसली नाही. "आज सहा तारीख हाय," एवढं बोलून ती गेली. आदिलाबाद काय लांब आहे? तासाभराचीही वाट नाही. मी दिवसभर चुना विकला.

सात तारखेला सकाळी शेजारीण पुन्हा दारात. काही मागितलं नाही. नुसती कोपऱ्यात पाहून म्हणाली, "इथंच हायत?"

त्या दोन शब्दांत तिनं माझी जी किंमत केली, ती आजवर कोणी केली नव्हती. मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर शटर ओढलं. राजांना रंगाच्या रिकाम्या खोक्यात जुन्या पेपरात गुंडाळलं आणि बस धरली. खोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. पटवाऱ्यासारखा राजा पेपरातून डोकं काढून माझ्याकडे पाहत होता. वाटेत मावला गाव आलं तेव्हा मी सिस्टरला काय सांगायचं ते ठरवून टाकलं होतं: दुकानात गर्दी होती, बस चुकली, तब्येत बरी नव्हती. तिन्ही खोटं.

बायकांच्या वॉर्डात आयाबाईला विचारलं. तिनं माझ्याकडे, मग खोक्याकडे पाहिलं.

"पहाटे गेल्या. मंडळीचे लोक येऊन मयत घेऊन गेले. तुमी कोण त्यांचे?"

मी कोण? मला एकच उत्तर सुचलं. "दुकानदार."

"काल दिवसभर दाराकडं पाहून राह्यल्या होत्या," आयाबाई म्हणाली. "कोणी आलं की मान उचलायच्या. ते तेवढं उचलू नका म्हनल्या, कोणीतरी येणार हाय. म्हून ठेवलं तसंच."

सिस्टरच्या खाटेवर दुसरी पेशंट आली होती, भीमपूरकडची एक म्हातारी, हात प्लास्टरमध्ये. शेजारच्या लोखंडी कपाटावर तिची पाण्याची बाटली, गोळ्या, अर्धी भाकर. आणि त्यांच्या मधे मुठीएवढं मातीचं बाळ. दवाखान्याच्या पांढऱ्या पट्टीत गळ्यापर्यंत गुंडाळलेलं, एकही घडी सैल नाही. मोडक्या खुब्यानं पडल्या पडल्या तिनं ते बांधलं असणार.  मी खोकं उघडलं आणि एकेक राजा बाहेर काढला. पैलवान, पटवारी, काळा. काळ्याचा मुकुट तिनं या वेळी आधीच रंगवून ठेवला होता. कपाटावर ठेवायला जागा नव्हती. तीन राजे छातीशी धरून मी तसाच उभा राहिलो.

म्हातारीनं विचारलं, "हे कोण हायत, बाप्पा?"

"लांबून आलेत," मी म्हणालो. "उशीर झाला."

तिनं चांगल्या हातानं आपली बाटली उचलून खाली ठेवली, भाकर उशाशी घेतली, आणि स्वतःही खाटेवर थोडी पलीकडे सरकली.