दोघांनी पाहिलेलं तळं

कतारला मी आजवर एकदाच गेले आहे. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि अब्बांनी मला महिनाभरासाठी बोलावून घेतलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वर्ल्ड कप तेव्हा तीनेक वर्षांवर होता. जिकडे पाहावं तिकडे रस्ते उकरलेले, कडेने पत्रे ठोकलेले, आणि त्या पत्र्यांवर चेंडूमागे धावणाऱ्या हसऱ्या मुलांची चित्रं.

अब्बा अल अझीझियातल्या एका बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, कामाला होते. फोनवर ऑर्डर आली की सायकलच्या पुढच्या टोपलीत दूध, खुबूसच्या रोट्या, पाण्याच्या बाटल्या घालायच्या आणि घरोघर पोचवायच्या. अकरा वर्षं हेच. राहायचे दुकानामागच्या खोलीत, आणखी चौघांबरोबर. तिथे मला ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून मी अल वक्र्याला आमच्या गावच्या एका कुटुंबाकडे उतरले होते. अब्बांना मोकळीक फक्त शुक्रवारी, तीही संध्याकाळच्या ऑर्डरी सुरू होईपर्यंत. त्या वेळात त्या घरातले काका मला गाडीने दुकानाशी आणून सोडायचे. आम्ही दोघं मागच्या सावलीत करक चहा घेऊन बसायचो. अब्बा दोन वर्षांतून एकदा गावी यायचे, त्यामुळे आम्हाला एकमेकांशी बोलायची सवय नव्हती. "जेवलीस?" "हो." "कॉलेज बरा चाललाय?" "हो." मग चहा.

शेवटच्या शुक्रवारी ते एकदम म्हणाले, "सायकल चालवतंस काय गो अजून?"

"चालवते की."

"मग चल. दुकानातला मल्याळी पोरगा गावी गेलाय, त्याची सायकल पडून हाय. इथं जवळच बाग हाय मोठी. आत तळं हाय म्हणतात. बदकं बिदकं."

मला वाटलं, त्यांना हे सहज सुचलं. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तोही मी शुक्रवारचा म्हणूनच धरला.

पाच वाजून गेले होते, तरी हॅण्डल हाताला चटकत होतं. अब्बांनी रुमाल भिजवून माझ्या मुठींना गुंडाळून दिला. हवा ओली, जड. तोंडासमोर कुणी गरम भांडं धरल्यासारखी. पण रस्त्याच्या कडेने नवी कोरी सायकलवाट केली होती, गुळगुळीत, आणि तिच्यावर चिटपाखरू नव्हतं. आठवीत शाळेने मुलींना सायकली दिल्या होत्या, तेव्हापासून मी आमच्या घाटीचे चढ चढत आलेली. इथे चढच नाही. पाय आपोआप फिरायला लागले. काही न पोचवता, कुठे वेळेवर न जाता, नुसतंच सायकल चालवायचं, हे मी पहिल्यांदा करत होते. अब्बाही करत असणार.

"अब्बा, शर्यत!" मी ओरडले.

"अगो, दमाने!" ते हसत होते. त्यांना मोठ्याने हसताना मी फार कमी वेळा ऐकलं आहे.

बागेचं फाटक आलं. बाजूला पाटी होती, अरबी आणि इंग्रजीत. मी ती वाचली नाही. वेगात होते. पहारेकऱ्याने माझ्याकडे पाहिलं, काही म्हणाला नाही, आणि मी आत शिरले. मागून अब्बांची घंटी वाजली. मग पुन्हा, मग सलग दोन-तीनदा. मला वाटलं, चिडवतायत. मी जोर लावला.

तळं खरंच होतं. सगळ्या त्या भाजलेल्या मुलखात एवढं हिरवं पाणी. लोक चटया पसरून बसले होते, आया डबे उघडत होत्या, मुलं रडत होती. एक बदकीण पिल्लाला पाठीवर घेऊन चालली होती. एका लहान मुलीने तिला पाव टाकला आणि तो दुसऱ्याच बदकाने पळवला, तर ती मुलगी त्या बदकाला तिच्या भाषेत अशी काही झापायला लागली की मी एकटीच हसत उभी राहिले. अब्बा येतील म्हणून दोन ठिकाणी थांबले. आले नाहीत. माझ्या फोनला तिथलं सिम नव्हतं. म्हटलं, येतील मागून, आणि तळ्याला पूर्ण फेरी मारली. मग आणखी एक.

बाहेर आले तेव्हा अब्बा फाटकापासून जरा लांब, कट्ट्यावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"आलाच नाहीत!" मी रागावले. "किती हळू चालवता!"

"पाय भरले गो. म्हातारा झालो." ते उठले. "बघितलंस? कसा हाय तळा?"

मी भडाभडा सगळं सांगितलं. पिल्लू, पाव, ती मुलगी. ते मान हलवत, मधूनमधून विचारत ऐकत होते. "पाणी कितपत खोल असेल?" "पाठीवर बसला होता पिल्लू? खरंच?"

तेवढ्यात तो पहारेकरी आमच्याकडे आला. नेपाळी असावा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा.

"दीदी, ये सच में आपके पापा हैं?"

मी हो म्हटलं. तो ओशाळला. शुक्रवारी बाग फक्त कुटुंबांसाठी असते, असं त्याने हिंदीत सांगितलं. बायकामुलींना अडवत नाहीत, पण बॅचलरला सोडायची परवानगी नाही. तिथे एकटा राहणारा प्रत्येक कामगार बॅचलर, मग गावी त्याला बायको आणि तीन मुलं असोत. "अंकल बोल रहे थे बेटी अंदर गई है. पर सब यही बोलते हैं ना. सबकी फॅमिली अंदर ही होती है." अब्बांनी त्याला कागदही दाखवला होता. "आप साथ में आतीं तो मैं रोकता नहीं. अब ले जाओ अंदर."

कागद अजून अब्बांच्या खिशातून डोकावत होता. माझ्या पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानांची झेरॉक्स, प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली. वडिलांच्या नावाखाली पेनाने रेघ मारली होती. म्हणजे त्यांना काहीच सहज सुचलं नव्हतं. अकरा वर्षं त्यांना फक्त शुक्रवारी वेळ होता, आणि शुक्रवारीच ते फाटक त्यांना बंद होतं. मी आले म्हणून ते एका शुक्रवारपुरते कुटुंबवाले झाले होते. त्यासाठी मी फाटकातून जाताना त्यांच्या शेजारी असायला हवं होतं, एवढंच.

"चला ना अब्बा, आत्ता जाऊ."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "नाय गो. ऑर्डरी चालू होतील आता. वेळेवर पोचायला हवा."

"आधी का नाही सांगितलंत मला?"

"काय सांगायचा? बापसाला बागेत घेत नाय म्हणून?" ते सायकलवर बसले. "पाटी होती तिथं. तुला इंग्लिश येता, म्हटलं वाचशील."

ते तसे कधी बोलत नाहीत. बोलले आणि लगेच म्हणाले, "चल चल, यल्ला." परतताना ते पुढे होते, मी मागे. प्रत्येक वळणावर ते पाय टेकून थांबायचे आणि मी येतेय का ते बघायचे.

तीन दिवसांनी मी गावी पोचले. अम्मी चुलीपुढे बसून माझी वाटच पाहत होती. फोनवर अब्बांनी तिला सगळं आधीच सांगितलं होतं.

"तुझो बापूस सांगत होता, दोघा सायकलवरून बागेत गेलाव म्हणे? बदकीण पाठीवर पिल्लू घेऊन फिरत होती? नि त्या पोरीचा पाव पळवलान त्यावर हा एवढा हसला, एवढा हसला, म्हणे पोटात दुखला." तीही हसत होती. "अकरा वर्षांत पहिल्यांदा ह्यो माणूस फिरायला गेल्याचा ऐकला मी. खरा ना गो?"

"हो," मी म्हटलं. "दोघंही होतो."

मग ती उठली आणि शेजारच्या चाचीला सांगायला गेली.