बाईंचा तळहात

तीस वर्षं दुसरीच्या वर्गाला फळ्यावर चित्रं काढून गोष्टी सांगणाऱ्या या बाई. पण महिन्यापूर्वी फळा गेला आणि त्याच्या जागी बोटाने चालणारा भलामोठा काचेचा पडदा आला. आज तपासणीचे साहेब येणार होते. पडद्यावर गोष्ट जमली तर वर्ग बाईंचा, नाहीतर त्यांची रवानगी पुस्तकांच्या खोलीत, नोंदी ठेवायला. मुख्याध्यापकांनी हे हसत हसत सांगितलं, म्हणून जास्तच लागलं.

अडचण बोटाची नव्हती, तळहाताची होती. हात टेकवून चित्र काढायची बाईंची सवय. इथे तळहात टेकला की पडद्याला वाटायचं, पुसायचंय. बोट पुढे काढी आणि हात मागून पुसत येई. आठ दिवस त्या घरी फ्रिजच्या दारावर बोटाने रेघा ओढत होत्या.

"आई, अगं हात वर!" लेक ओरडायची.

"वरच आहे की गं!" म्हणताना तळहात दाराला टेकलेलाच असायचा.

साहेब मागच्या बाकावर बसले. बाईंनी झाड काढलं, घरटं काढलं, घरट्यात पिल्लू. दाणा आणायला निघालेल्या चिमणीचे पंख काढण्यात त्या रंगल्या आणि वर्ग ओरडला, "बाई, पिल्लू गेलं!"

पुस्तकांची खोली डोळ्यांसमोर उभी राहिली. तरी कसंबसं तोंडातून निघालं, "अगं बाई, खरंच! आता चिमणी आली की तिला काय सांगायचं?"

एक मुलगी म्हणाली, ते उडायला शिकलं असेल, आणि ते काढून दाखवायला सरळ पडद्याकडे धावली. तिच्यामागे सगळेच. पिल्लू पानाआड सापडलं, ढगावर सापडलं, शेजारच्या घरट्यात जेवताना सापडलं. बाईंचं लक्ष मात्र साहेबांच्या पेनाकडे.

तास संपल्यावर साहेब पुढे आले. "वर्ग तुमच्याकडेच राहू दे. पण ऐन वेळी पिल्लू गायब करायची युक्ती कुठे शिकलात?"

बाईंनी हात पाठीमागे नेला. "सवय आहे, साहेब. तीस वर्षांची."

"छान! सोमवारी सगळ्या शिक्षकांना अगदी अस्संच करून दाखवा."

संध्याकाळी बाई पुन्हा फ्रिजसमोर. लेक बघते तर काय, हात चांगला वर!

"जमलं की गं आई!"

बाई रडकुंडीला आल्या होत्या. "मेला आता टेकतच नाही गं!"