मनकर्णाकाकू पायी निघतात

आमच्या बोरीत पायी चालणं फार अवघड आहे. रस्ता वाईट म्हणून नव्हे, माणसं चांगली म्हणून. तुम्ही रस्त्याच्या कडेनं चार पावलं टाकायचा अवकाश, मागून मोटारसायकल येऊन थांबते, जीप थांबते, ऊस भरून निघालेला ट्रॅक्टरसुद्धा थांबतो आणि वरून आवाज येतो, "बसा." नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं की आपल्या गाडीवर बसायला यांना कमीपणा वाटतो, असं समोरचा धरून चालतो आणि पुढचं वर्षभर तोंड फिरवतो. मी मूळची पाथरीची. बदली होऊन इथल्या शाळेत आले त्या पहिल्या आठवड्यात फिरायला म्हणून निघाले की कुणी ना कुणी मला घरी आणून सोडायचं. शेवटी नाद सोडला. आता मी गच्चीवरच फिरते आणि गावाशी माझं उत्तम चाललंय.

त्यामुळे शेजारच्या मनकर्णाकाकूंनी एक दिवस भिंतीवरून डोकावून मला सांगितलं, की मी जिंतूरहून डोंगरातनं येलदरीच्या धरणापर्यंत पायी जाणार आहे, तेव्हा मी हसले. काकू हसल्या नाहीत. म्हणून मग मीही गप्प बसून ऐकलं.

काकूंची नात अर्पिता माझ्याच वर्गात आहे. मागच्या वर्षी ती एकाएकी वाळली, घटाघटा पाणी प्यायला लागली आणि एके दिवशी फळ्यापाशीच कोसळली. परभणीला नेलं तेव्हा कळलं, पोरीला साखर आहे, लहान मुलांना होते ती, जन्मभर सुई घ्यावी लागते ती. गावाला हे पचेना. एवढ्याशा पोरीला साखर कशी, म्हणून जो तो विचारायला लागला. आणि दवाखान्याच्या बोळात, घाबरलेल्या माणसाला कुणावर तरी चिडायचं असतं तसं, काकूंचे मालक सटवाजीकाका बोलून गेले, "तुझे लाडू भोवले पोरीला."

आता काकूंचे बेसनाचे लाडू म्हणजे आमच्या गल्लीची शान. बारसं असो, पोरगा पास झालेला असो, कुणाच्या घरी बोअरला पाणी लागलेलं असो, काकूंची कढई चुलीवर चढायचीच. त्या दिवसानंतर ती माळ्यावर गेली. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, आजी, गोड खाण्यानं हा आजार होत नाही. मग कशानं होतो, म्हणून काकूंनी विचारलं. तेव्हा ते खरं बोलले, की ते अजून कुणालाच पुरतं माहीत नाही, शोध चालू आहे. झालं. एवढ्या सगळ्यातलं काकूंनी तेवढंच धरून ठेवलं. कुणालाच माहीत नाही, तर लाडवानं झालं नाही हे तरी यांना कसं माहीत?

त्याच डॉक्टरांच्या मंडळानं ही पायी मोहीम काढली होती, मुलांच्या मधुमेहाच्या संशोधनाला पैसा उभा करायला. रीत साधी होती. चालणाऱ्यानं आपल्या माणसांकडून शब्द घ्यायचा, की मी शेवटपर्यंत पायी पोचलो तर तुम्ही अमुक द्याल. मध्ये चाकावर बसला तर सगळ्यांचे शब्द मोकळे. काकू म्हणाल्या, "सुकेशनीबाई, माझ्याकडं पैसा न्हाई, पाय हायत. कशानं झालं ते एकदाचं सापडू द्या. माझ्यानं झालं असंल तर तसं सांगू द्या."

मला राग आला. काकूंचा नाही, त्या बोळातल्या बोलण्याचा. पण राग घेऊन काही चढण चढता येत नाही, म्हणून मी म्हटलं, सराव सुरू करा, मीही येते तुमच्याबरोबर मोहिमेला.

काकूंना रानातल्या कामाची सवय होती, पण तूर कापायला वाकणं वेगळं आणि गुडघ्यावर जोर देऊन चढणं वेगळं. डॉक्टरांनी रोज सकाळी चालायला सांगितलं होतं. काकूंनी ठरवलं, कुणाला सांगायचं नाही. जमलं नाही तर लोक हसतील, आणि सटवाजीकाका सगळ्यांत आधी. पहिल्या दिवशी वेशीबाहेर पडतात न पडतात तोच दूधवाल्यानं गाडीवर घेतलं. दुसऱ्या दिवशी एका जीपवाल्यानं कुठं सोडू म्हणून विचारलं. खरं सांगता येईना, खोटं पटकन सुचेना. काकू बाजाराला म्हणून थेट जिंतूरला जाऊन पोचल्या आणि वांगी घेऊन परत आल्या. असा आठवडा गेला. पाय होते तसेच राहिले, घरात वांगी मात्र फार झाली.

मग काकूंनी डोकं चालवलं. आपल्याकडं सकाळी रस्त्यानं चाललेल्या एकाच माणसाला कुणी हटकत नाही, थांबवत नाही, त्याच्याकडं बघतसुद्धा नाही. ज्याच्या हातात टमरेल आहे त्याला. आता घरोघरी संडास आहेत, पण ही रीत लोकांच्या अंगात मुरलेली. दुसऱ्या दिवशी काकू टमरेल घेऊन निघाल्या आणि काय सांगू, रस्ता मोकळा झाला. मोटारसायकली माना वळवून जायला लागल्या. दूधवाला तर आभाळाकडं बघत पुढं गेला. काकू ओढ्यापर्यंत जाऊ लागल्या, मग ओढ्याच्या पलीकडं, मग माळाच्या चढापर्यंत. संध्याकाळी भिंतीपाशी येऊन मला हळूच सांगायच्या, आज दम लागला नाही.

पण गावाला डोळे असतात. मनकर्णाबाई एवढ्या लांब का जातात, ही चर्चा सुरू झाली. पोट बिघडलंय म्हणून कुणी डाळिंबाची साल पाठवली, कुणी ताक पाठवलं. काकूंनी सगळं मुकाट्यानं घेतलं. मी हसून हसून बेजार. पुढं ही बातमी ग्रामसेवक दिनकररावांपर्यंत गेली. गाव हागणदारीमुक्त झाल्याची पाटी वेशीवर त्यांनी स्वतः उभं राहून लावून घेतली होती, त्यामुळं त्यांच्या जिव्हारी लागलं. एके सकाळी दोन माणसं आणि हातात गुलाबाचं फूल घेऊन ते ओढ्याच्या पुलावर दबा धरून बसले. असं कुणी सापडलं की त्याला फूल देऊन लाजवायचं, ही त्यांची पद्धत.

काकू आल्या. दिनकररावांनी फूल पुढं केलं आणि भाषण सुरू केलं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि टमरेल त्यांच्यापुढं धरलं. आत फुटाणे होते. वाटेत खायला म्हणून रोज नेत होत्या. दिनकरराव एकदा फुटाण्यांकडं बघतात, एकदा काकूंकडं.

"घ्या," काकू म्हणाल्या. "माझ्या नातीला साखर कशानं झाली ते सापडलं पाहिजे. त्याच्यासाठी चालायलेय मी. टमरेल तुमी लोकांनी थांबू नये म्हणून हाय."

दिनकररावांनी मूठभर फुटाणे घेतले, आणि मान्य करायला हवं, माणूस मोठ्या मनाचा निघाला. त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पाणीपट्टीच्या सूचनेनंतर दुसरी सूचना झाली, की मनकर्णाबाई चालायचा सराव करत आहेत, त्यांना कुणीही गाडीवर घेऊ नये. गावाच्या इतिहासात गाडीवर न बसवण्याची विनंती पहिल्यांदाच झाली असावी.

मग काय, ज्यांना "बसा" म्हणता येईना त्यांनी शब्द दिले. कुणी तुरीचं पोतं बोललं, बचत गटाच्या बायका एक दिवसाची मजुरी बोलल्या, दूधवाला आठवड्याचं दूध बोलला. सगळ्यांची अट एकच, काकूंनी धरणापर्यंत पायी पोचायचं. काकू चालायला निघाल्या की लोक ओट्यावरून ओरडून चौकशी करायचे, गुडघा कसा आहे म्हणून. अर्पिता शाळेत सुई लपवून घ्यायची ती आता पोरांना सांगायला लागली, की माझी आजी माझ्या आजारासाठी धरणावर जाणार आहे. मला वर्गात डोळे पुसावे लागले, ते मी खडूच्या धुळीवर ढकललं.

राहिले सटवाजीकाका. हा माणूस आमच्याकडं मीठ मागायला यायचं तरी मोटारसायकल काढतो, आणि आमच्या दोन घरांच्या मध्ये आहे फक्त एक भिंत. लोक त्यांना चिडवायचे, काका, बायको पायी अन् तुमी गाडीवर? मग काका काकूंच्या मागं मागं पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवायला लागले. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, रस्त्यानं कुत्री हायत.

मोहिमेच्या दिवशी जिंतूरला परभणीची मंडळी नव्या कोऱ्या बुटांत जमली होती. काकूंनी लुगड्याखाली सुनेनं आणलेले कापडी बूट घातले होते. डोंगरातला भाग काकूंनी मजेत पार केला. वाटेत एका वकिलाला धाप लागली तर त्याला फुटाणे दिले. मी मात्र जीव मुठीत धरून चालत होते, गच्चीवर फिरून डोंगर चढता येत नाही हे मला त्या दिवशी कळलं. पायवाट संपून धरणाकडं चढत जाणारी सडक लागली. तिथं काका गाडी घेऊन थांबलेलेच होते, ते पुन्हा आमच्या मागं लागले. आणि त्याच चढावर काकूंचा गुडघा धरला. त्या दगडावर बसल्या. उठवेना.

तेवढ्यात मागून जीप आली. परगावची माणसं, त्यांना काय माहीत. थांबली आणि आतून आवाज आला, "बसा मावशी, धरणावरच चाललोय."

मी काकूंकडं बघितलं. नाही म्हणणं या बाईला जन्मात जमलं नव्हतं. तुरीचं पोतं, दूध, बायकांची मजुरी, सगळं त्या एका शब्दावर अडलेलं. काकू दगडाला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात जोडले. "न्हाई दादा. गाडी तुमची लय चांगली हाय. पण मला पायीच जायचंय."

जीप गेली. मागं काकांच्या गाडीचा आवाज एकदम बंद झाला. काका खाली उतरले आणि गाडी ढकलत काकूंच्या बाजूला आले. त्या चढावर, त्या वयात, पायी. मी दोन पावलं मागं राहिले, पण कान काही मागं राहत नाहीत.

"तुझ्या लाडवानं झालं न्हाई ते," काका म्हणाले. "मी त्या दिवशी उगंच बोललो. भ्यालो होतो."

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "गाडी जरा जोरात ढकला. पोरगी वाट बघायलीय."

अर्पिता आईबरोबर आधीच येऊन धरणाच्या भिंतीपाशी उभी होती, पाण्याकडं पाठ करून, रस्त्याकडं तोंड करून. आजी दिसली तशी ती धावत सुटली. काकू लंगडत होत्या, रडत होत्या आणि हसत होत्या. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या, वकिलानं सगळ्यांत जोरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंथरुणातच पडून होते, पाय माझे राहिले नव्हते. भिंतीपलीकडून तुपात बेसन भाजल्याचा वास आला. मला आधी खरं वाटेना. मग दार वाजलं. सटवाजीकाका ताटलीवर फडकं झाकून उभे होते. आत लाडू होते. अर्पितालाही अर्धा मिळाला, डॉक्टरांना फोनवर विचारून, सुईचं माप बसवून, असं त्यांनी आपणहून सांगितलं.

मी त्यांच्या मागं रस्त्यावर बघितलं. गाडी नव्हती. काका चालत आले होते.