नऊ रंगांतला माझा चेहरा

आमच्या कला महाविद्यालयातल्या जुन्या वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. मी त्यात फारशी बोलत नाही. कोणाचा वाढदिवस असला तर फुलं टाकते, कोणी गेलं तर हात जोडते. मागच्या हिवाळ्यात त्या ग्रुपवर एक निमंत्रण आलं. नागपुरात पॉप आर्टचं प्रदर्शन होतं, चार-पाच कलाकारांचं मिळून, आणि त्यात माझ्या होस्टेलमधल्या रूममेटची चित्रं होती.

ती आर्णीची, मी घाटंजीची, दोन्ही गावं यवतमाळ जिल्ह्यातली. म्हणून वॉर्डनने आम्हाला एका खोलीत टाकलं होतं. ती पेंटिंगला, मी शिल्पकलेला. शिक्षण झाल्यावर ती मुंबईला गेली आणि मी आईसाठी घाटंजीला परतले, शाळेत चित्रकला शिकवायला लागले. आधी आमचे फोन व्हायचे, मग दिवाळीपुरते, मग तेही थांबले. भांडण असं काही झालं नाही. आई गेली तेव्हा तिने ग्रुपवर हात जोडले होते.

निमंत्रणाला मी उत्तर दिलं नाही. पण रविवारी सकाळी एसटीत बसले, यवतमाळला गाडी बदलली आणि दुपारी नागपुरात उतरले.

हॉलच्या दारातच गॅसचं सिलिंडर उभं होतं, माझ्यापेक्षा उंच. फायबरचं होतं, आणि वर मोटारीला मारतात तसला चकचकीत गुलाबी रंग. त्यात येणारा-जाणारा प्रत्येक जण बुटका आणि फुगलेला दिसत होता. त्याच शिल्पकाराची एक स्लीपर होती, बाजेएवढी, निळ्या पट्ट्याची. टाचेकडे ती झिजलेलीही दाखवली होती. त्या झिजेपाशी मी बराच वेळ उभी राहिले. एवढ्या मोठ्या, एवढ्या गुळगुळीत वस्तूत त्याने तेवढी एकच जागा हाताने घासली असावी. मला हसू आलं. बाजूला बघितलं, पण हे जिला सांगावं अशी तिथं कोणीच नव्हती. पुढे एकाने ट्रकच्या मागच्या फळ्या, काड्यापेटीची लेबलं, साबणाची वेष्टनं घेऊन भिंतभर अक्षरं रंगवली होती. लोक आपापल्या लहानपणीच्या काड्यापेट्या ओळखून एकमेकांना दाखवत होते.

आतल्या खोलीत माझ्या रूममेटची चित्रं होती. समोरच्या भिंतीवर एकाच मुलीचा चेहरा नऊ वेळा छापला होता. गुलाबी, पोपटी, नारिंगी, जांभळा, असा प्रत्येक वेळी वेगळ्या रंगात. केस ओले, मोकळे, डोळे उन्हाने बारीक झालेले.

ती मी होते.

होस्टेलच्या गच्चीवरचा फोटो होता तो. केस वाळवत होते तेव्हा तिने काढलेला. खाली पट्टीवर लिहिलं होतं, ‘रूममेट’. बाकी काही नाही. मी जवळ गेले. आम्ही शिल्पवाले सावलीवर जगतो, डोळ्याच्या खोबणीत, नाकाच्या बाजूला, ओठाखाली. तिने सगळ्या सावल्या पुसून टाकल्या होत्या. सपाट रंग आणि काळी रेघ, बस. तरी तो चेहरा माझाच होता.

मागून एक मुलगी म्हणाली, “काकू, जरा बाजूला होता का? फोटो काढायचाय.”

मी बाजूला झाले. मग तिच्याबरोबरचा मुलगा म्हणाला, “काकू, तुम्हीच काढून द्या ना.” मी काढून दिला. त्या दोघांच्या डोक्यांच्या मधोमध माझा पोपटी चेहरा आला. मुलीने फोटो पाहिला आणि म्हणाली, “थँक यू, मस्त आलाय.”

संध्याकाळी रूममेट आली. केस बारीक कापलेले, पांढरे, मोठा चष्मा. तिच्याभोवती माणसं होती आणि ती इंग्रजीत बोलत होती. तिची नजर माझ्यावरून एकदा गेली, पुढे गेली आणि परत आली.

“अवं, तू?” ती माणसांना सोडून माझ्याकडे आली. “काहून नाही सांगतलं येतो म्हनून?”

इतक्या वर्षांनी आर्णीची बोली तिच्या तोंडून ऐकली. तिने माझे दोन्ही हात धरले.

“राग आला?” भिंतीकडे मान करून तिने विचारलं. “विचारून घेनार होतो. नंबर होता, पन मन नाही झालं फोन लावाचं. एवढ्या वर्षांनी काय बोलाव?”

“राग नाही. मले माहीतच नवतं मी अशी दिसत होतो.”

“अशीच दिसत होती तू.” ती पुढेही काही बोलणार होती, पण एक बाई तिला कॅमेऱ्यासमोर न्यायला आली. जाता जाता ती म्हणाली, “थांबून जाय ना आज. हॉटेलात माह्याजवळ.”

“सकाळी शाळा हाय.”

“बरं,” ती म्हणाली. एकदा आणखी म्हणाली असती तर मी थांबले असते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर शेजारच्या भाभी कुंपणापाशी उभ्या होत्या. त्यांच्या मालकांचं शिलाईचं दुकान आहे.

“काहो मॅडम, काल दिनभर ताला होता. कुठी गेलत्या?”

“नागपूरले. चित्रं पाह्यले.” मी मोबाइलवर काढलेला त्या भिंतीचा फोटो पुढे केला.

“ये कौन है? हिरोइन है का?”

“मीच हाय, भाभी.”

त्या हसल्या. मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा मोबाइलकडे बघितलं. हसू थांबलं. “बाल कितने लंबे थे तुम्हारे,” त्या हळूच म्हणाल्या आणि मोबाइल परत दिला. शाळेत मी कोणालाच काही दाखवलं नाही.

थोड्या दिवसांनी रूममेटचा फोन आला. चित्र विकलं गेलं होतं.

“पुन्याचा एक डॉक्टर हाय. दवाखान्यात लावनार म्हने, पेशंट बसतात तिथी.”

मला काय वाटलं ते लगेच कळलं नाही. अनोळखी माणसं ताप अंगात घेऊन आपला नंबर येईपर्यंत माझ्याकडे बघत बसणार. मी त्या खोलीत कधीच जाणार नाही. “चांगलं झालं,” मी म्हटलं. ती घाटंजीला येते म्हणाली. उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. आली नाही. मुंबईहून इथवर यायला निमित्त लागतं, ते मलाही कळतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी पोतंभर शाडू आणली. वर्गातल्या नमुन्यांपलीकडे मी मातीला कित्येक वर्षं हात लावला नव्हता. तारेचा सांगाडा बांधला, माती चढवली आणि तिचं डोकं करायला घेतलं, आठवणीतून. कपाळ जमलं, कान जमले. तिचा डावा कान थोडा बाहेर आलेला, तो बोटांना आपसूक आठवला. पण नाक येईना. तीन वर्षं शेजारच्या पलंगावर झोपलेल्या मुलीचं नाक मला आठवत नव्हतं. तिच्या ग्रुपवरच्या फोटोत गॉगलच जास्त दिसतो.

शेवटी मी फोन लावला. “तुहा एक फोटो पाठव. चष्मा काढून. समोरून एक, बाजूनं एक.”

“कायले?”

“लागते मले.”

मग ती म्हणाली, “आत्ताचा पाठवू का तवाचा?”

“आत्ताचा.”

फोटो आले. नाकाच्या बाजूला दोन खोल रेषा होत्या, डोळ्यांखाली पिशव्या. मी त्यातलं काहीच गुळगुळीत केलं नाही. सुट्टी संपली तरी काम झालेलं नाही. स्वयंपाकघरात खिडकीचा उजेड बरा पडतो, म्हणून डोकं तिथंच स्टुलावर ठेवलंय. संध्याकाळी ओलं फडकं काढते, तासभर काम करते, मग हात धुऊन तिथंच जेवायला बसते. भाभींनी परवा दारातून पाहिलं आणि विचारलं, “पाहुनी आली का?”

मी म्हटलं, “आत्ता कुठी. डोळे बाकी हायत.”