मूत्राशयाच्या पुढचं

लातूरला मी ज्या क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचे, तिथं एक अलिखित नियम होता. उत्सर्जन संस्था मूत्राशयापर्यंत बाईंनी शिकवायची, पुढचं सर शिकवणार. भूकंपानंतर लोक स्लॅबखाली बसायला धजत नव्हते, म्हणून मालकांनी पत्र्याचं लांबलचक शेड ठोकलं होतं. त्यात डॉक्टर व्हायला निघालेली पोरंपोरी मांडीला मांडी लावून बसायची. मी फळ्यावर मूत्रपिंड काढायचे, नळ्या काढायचे, पिशवी काढायचे आणि खडू खाली ठेवायचे. का, तर पालक तक्रार करतात. उद्याच्या डॉक्टरांसमोर लघवी अर्ध्या वाटेत अडवून ठेवायची! मला तेव्हा संताप यायचा, आजही येतो.

आमचं घर मुदखेडला. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. रेल्वेत गँगमन म्हणून रूळ सांभाळता सांभाळता हाडं झिजवली आणि नुकतेच रिटायर झाले होते. एका सुट्टीत मी घरी गेले तर आबा तांब्यावर तांबे पाणी पीत होते, सारखे न्हाणीत जात होते आणि गेले की लवकर बाहेर येत नव्हते. आईला विचारलं तर म्हणाली, उन्हाळी लागलीय. आमच्याकडं कमरेखालच्या सगळ्या दुखण्यांना हे एकच नाव. जळजळलं की उन्हाळी, अडलं की उन्हाळी, आणि औषध धन्याजिऱ्याचं पाणी. मी म्हटलं, रक्तातली साखर तपासून घ्या. आई म्हणाली, तुझे काका बघून राहिलेत, बाईमाणसानं त्यात पडू न्हाई. म्हणजे इथंही माझी हद्द मूत्राशयापर्यंतच.

पण मी चिवट. पुढच्या खेपेला ज्वारी निवडता निवडता आईकडून सगळं काढून घेतलं. आबांची पुढची कातडी आवळत चालली होती. तिला चिरा पडत होत्या, लघवीची धार धड निघत नव्हती. काका, म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, त्यांना नांदेडला डॉक्टरकडं घेऊन गेला होता. डॉक्टरांनी सगळं नीट समजावलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं. रोज कोमट पाण्यानं धुवायचं, साबण लावायचा नाही, कोरडं ठेवायचं, मलम लावायचं. कातडी दुखणार नाही इतपतच मागं घ्यायची आणि लगेच पुढं आणायची, जोर अजिबात करायचा नाही. उतारवयात असं अचानक झालं तर बहुतेक वेळा साखर वाढलेली असते, म्हणून ती आधी तपासायची. एवढं करून गुण आला नाही तर छोटं ऑपरेशन, तेवढी कातडी काढून टाकायची.

काकानं यातलं फक्त शेवटचं वाक्य उचललं. दार लावून घेऊन आईला आणि आबांना म्हणाला, ह्या वयात खतना करून घ्यायचा का? सोयऱ्यात तोंड कसं दावायचं? पलीकडच्या गल्लीतल्या मुसलमान शिंप्याकडं ह्या माणसाचे जन्माचे पायजमे शिवलेले. दर ईदला त्याच्या घरी शिरखुर्म्याच्या वाट्या रिचवलेल्या. आणि दुखण्यावरच्या औषधाला मात्र ह्यानं धर्म चिकटवला. झालं, डॉक्टर बंद. मलम संपलं ते परत आणलं नाही, साखर तपासलीच नाही. काकाचे उपाय सुरू झाले. साबणानं घासून धुवा, मिठाच्या पाण्यात बसा, हळद आणि खोबरेल लावा. आबांनी मुकाट सगळं केलं. रुळावर कुणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस ह्या बाबतीत भावाच्या तोंडाकडं बघत होता, कारण दुसऱ्या कुणाशी बोलायची सोयच नव्हती.

मी आबांना नांदेडला चला म्हटलं तर ते उठून बाहेर निघून गेले. मी काकाशी भांडले, तर तो म्हणाला, शिकून लई शानी झालीस.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी मी घरी पोचले, तेव्हा आबा भिंतीला टेकून उभे होते. बसवत नव्हतं. चेहरा राखेसारखा. आई ओल्या फडक्याच्या घड्या करत होती. काकानं आदल्या दिवशी सांगितलं होतं, एकदा जोर लावून मागं ओढा, सैल हुईल. आईनं एवढं कसंबसं सांगितलं आणि पदर डोळ्याला लावला. मी आबांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"आबा, मागं ओढलेली कातडी पुढं येईना का?"

ते भिंतीकडं बघत होते. तसेच म्हणाले, "न्हाई येईना, माय. सुजलंय. कालपसून."

मला वाटलं घरातली भांडी उचलून अंगणात फेकावीत. कालपासून! कातडी मागं अडकली की रक्त अडतं, तास न् तास वाट बघायची नसते, आणि इथं फडक्याच्या घड्या चालल्या होत्या. मी कोपऱ्यावरची जीप आणली. काका दारात आडवा आला, जरा दम धर, बर्फ लावून बघू म्हणाला. मी त्याला म्हटलं, काका, बाजूला हो, नाहीतर आत्ता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडून सांगते. तो बाजूला झाला. लाजेपुढं भाऊसुद्धा हलका पडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

नांदेडच्या डॉक्टरांनी पट्टी दाबून दाबून सूज उतरवली आणि कातडी जागेवर आणली. आणखी उशीर झाला असता तर पुढचा भाग काळा पडला असता, असं स्पष्ट सांगितलं. साखर इतकी वाढलेली निघाली की पायाच्या बोटांची संवेदनाही गेली होती. आबांनी ते कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आला असता तर कदाचित मलमावरच भागलं असतं, आता चट्टे पडून कातडी कडक झालीय, कापावीच लागेल. साखर खाली आली आणि मग ऑपरेशन झालं.

वॉर्डात भेटायला गावची माणसं आली. काका दाराशीच त्यांना गाठून सांगत होता, हर्नियाचं केलंय. खाटेवरून आबांनी ऐकलं.

"हर्निया न्हाई," आबा म्हणाले. "कातडी कापली. साखरेनं झालतं. ह्याच्या लाजेपायी मराया टेकलो होतो."

कुणी हसलं नाही. गावची माणसं केळी खाटेवर ठेवून लगबगीनं निघून गेली. काका खाली मान घालून त्यांच्या मागोमाग गेला. मला बरं वाटलं. जाऊ दे, मेल्याला भोगू दे, असंच मनात आलं.

मी चहा आणायला खाली उतरले तर तो टपरीमागं एकटाच उभा होता. मला बघून जवळ आला, इकडं तिकडं पाहिलं आणि खालच्या आवाजात विचारलं, ती साखर कुठं तपासत्यात.

मीठ, साबण, हळद, जोर लावून ओढणं, हे सगळं ह्याला कुठून सुचत होतं ते आता कळलं.

"कधीपासून होऊन राहिलंय?" मी विचारलं.

"दादाच्या आधीपसून," तो म्हणाला.