मेला म्हणू नका, बसला म्हणा

भालकीजवळच्या आमच्या मेहकरात कबड्डीत गडी बाद झाला की पोरं ओरडायची, "मेला, मेला." नागम्माक्का मैदानाच्या कडेला असली तर पोरांची खैर नसायची. "मेला म्हणू नका रे. बसला म्हणा. बसलेला उठतोय." खोटं काय होतं त्यात? बाद झालेला गडी बाकड्यावर बसतो आणि आपल्या लोकांनी समोरचा एक टिपला की उठून परत खेळायला येतो.

नागम्माक्का गिरणीवाली. नवरा लवकर गेला, तेव्हा गिरणीचा पट्टा तिनंच चढवला. कपाळाला विभूती, विभूतीवर पीठ, आणि ओलं दळण आणलं तर समोरच्याच्या सात पिढ्या उद्धरणारी जीभ. घरात एकुलता एक बसवेश.

मी भालकीच्या संघाची जीप चालवतो. गडी पगारी, लीग दोन जिल्ह्यांची. यंदा सुरुवातीला असे हरायलो होतो की मी म्हणालो, डिझेल वाया घालवण्यापेक्षा घरी झोपा. मग डाव्या कोपऱ्यात बसवेश आणि त्याच्या हातात हात घालून शेजारी बालाजी, अशी जोडी लागली. दोघं एकाच आळीतले, एका ताटात जेवलेले, नागम्माक्काला दोघंही अव्वा, म्हणजे आई, म्हणायचे. त्या दोघांच्या तावडीतनं चढाईला आलेला माणूस सुटंना. कधी एका गुणानं, कधी रक्त काढून, रखडत रखडत आम्ही गुलबर्ग्याच्या फायनलला पोचलो.

आणि फायनलच्या आधी त्यांची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. ट्रॉलीला साधा लाल दिवा नव्हता, नीच लोक. चालवत होता बालाजी. त्याला नुसतं खरचटलं. मागं बसलेला बसवेश जागेवरच गेला.

लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून मातीत बसवतात. नागम्माक्का खड्ड्याच्या काठाशी उभी राहून बघत होती. बालाजी लांब बाभळीखाली उभा होता. पुढं यायचं धाडस त्याला झालं न्हाई.

त्या दिवसापासून गिरणी बंद आणि बालाजीचं दार बंद. कोच येऊन गेले, मालक येऊन गेले. आतून एकच, "मी खेळत न्हाई." त्याच्याशिवाय आमचा डावा कोपरा म्हणजे उघडं फाटक. हंगामभराचं सगळं मातीत जाणार होतं, आणि त्या पोराचं तर आयुष्यच.

फायनलच्या सकाळी शेवटचं बघावं म्हणून मी जीप त्याच्या दारात लावली. बघतो तर नागम्माक्का येतेय. मी मनात म्हणालो, आता ही याला फाडून खाणार. मी घाबरलो होतो, का लपवू.

तिनं दार ढकललं. बालाजी भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मान वर केली न्हाई.

"अव्वा, मी मारलो त्याला."

ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"माझा बसव्या मेला," ती म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "मी मातीत बसवून आले त्याला. तो आता उठत न्हाई. तू कामून बसलायस? तू नुसता बाद झालायस. ऊठ."

त्याला धरून तिनंच बाहेर आणलं. स्वतः माझ्या शेजारच्या सीटवर बसली. "बघायलास काय? चल गुलबर्ग्याला."

सामना शेवटपर्यंत बरोबरीत होता. बसवेशच्या कोपऱ्यात आता राखीवातला शिवकुमार होता, पण बालाजीचा हात सारखा बसवेशला शोधायचा. थोडा वेळ उरला असताना बालाजी बाद होऊन बाकड्यावर गेला. तिथं तो एकटाच होता. शिवकुमारनं समोरचा गडी पाडला, बालाजी उठून आत आला, आणि शेवटच्या चढाईला आलेल्याचा त्यानं घोटा धरला तो सोडलाच न्हाई. एका गुणानं जिंकलो.

सगळे मॅटवर एकमेकांच्या अंगावर पडले होते. बालाजी मध्ये बसून ओक्साबोक्शी रडत होता. मी अक्काला म्हणालो, "चल, पोरांकडं जाऊ."

तिचं लक्ष तिकडं नव्हतंच. ती रिकाम्या बाकड्याकडं बघत होती.

"सगळे उठले की रे बसव्या," ती हळूच म्हणाली. "ऊठ आता."