परसरामचा रिले

परसराम स्टार्टर जोडायचा, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या पेट्या. लाखनीच्या आसपास कुणाच्या विहिरीवर मोटर बसली की तिच्या पेटीतले भाग निवडायला त्यालाच नेत. भंडाऱ्याच्या दुकानात तो अर्धा अर्धा दिवस बसे. कॉन्टॅक्टरचे, वीज जोडणाऱ्या खटक्याचे, पॉइंट खिळ्यानं खरवडी. चांदीखाली पितळ दिसलं की परत करी. दुकानदार वैतागून म्हणे, "नवरी पाहाले आला काय रे?" परसरामचा एक पाय आखूड होता. त्याला मुलगी कुणी दिली नव्हती.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात थोरल्या भावानं, मारोतरावनं, बैलजोडी विकून मोटर आणली. हट्ट त्याच्या बायकोचा, रुखमिणीचा होता. मारोतरावनं तिला चारचौघांत बजावलं होतं, "मोटर जळली तं तू आन तुही मोटर, दोघी तुह्या बापाच्या दारी." तो बोललेलं करणारा माणूस होता.

परसरामनं ओसरीवर सामान मांडलं. पाहुणे बघत बसले होते. मारोतरावनं एक काळी डबी उचलली.

"हे कायले?"

"रिले आहे, दादा. तीन फेजांतली एक गेली का मोटर तापते. मंग हा स्टार्टर बंद करते."

"शेजारच्या पुंडलिकरावाकडं हेच आहे ना? दिवसातून दहा खेपा बंद पडते. काहाड."

"नोका काहाडू, भाऊजी," दारातून रुखमिणी म्हणाली. "लावाच तो."

"पाहा! बायको माही, आन बाजू याची." मारोतराव पाहुण्यांकडे वळला. "का बे लंगड्या, तू येवढा निवडून घेतेस, तं तुले एकही पोरीनं काहून नाही निवडलं?"

ओसरी हसली. रुखमिणीही हसली. पदराआड, जरासंच. परसरामला तेवढंच ऐकू आलं.

"बरं," तो म्हणाला. त्यानं रिले खिशात टाकला आणि तारा सरळ जोडल्या. फ्यूजमध्ये बारीक तार होती, वीज जास्त ओढली की वितळून मोटर वाचवणारी. ती उपसून, कुणी न सांगता, त्यानं जाड घातली.

आठव्या दिवशी दुपारी रुखमिणी धानाच्या पऱ्ह्याला, कोवळ्या रोपांना, पाणी देत होती. चालू मोटरची एक फेज गेली. मोटर घुमत राहिली, बांधावर तिला वेगळं काही वाटलं नाही. ती विहिरीशी आली तेव्हा धूर निघत होता.

मारोतरावनं परसरामला बोलावलं. जळालेल्या तांब्याचा वास सुटला होता. रुखमिणी भिंतीला टेकून उभी होती. तिच्या गालावर बोटं उमटली होती.

"भाऊजी, तुमीच सांगा," ती म्हणाली. "मी काय केलं?"

परसरामनं पेटी उघडली, फ्यूजमधली न वितळलेली जाड तार पाहिली, मग बंद केली.

"आवाज बदलला का बटन दाबाले पाह्यजे होतं, वहिनी. ध्यान नाही दिलं तुमी."

दुसऱ्या दिवशी मारोतराव तिला एसटीत बसवून आला. नंतर तिला आणायला कुणी गेलं नाही.

पुढची कित्येक वर्षं परसरामनं स्टार्टर जोडले. रिलेशिवाय एकही नाही. एखादा शेतकरी कुरकुरला की तो दादाच्या मोटरची गोष्ट सांगे. सांगून झाली की पेचकस फिरवत म्हणे, "बाईच्या हाती दिली होती ना, बाप्पा."

शेतकरी मान हलवत.